सव्वीस पाकीट-वर्षं

हे काम मी आठवड्याभरात उरकणार होतो. तसं मी बायकोला सांगितलंही होतं, आणि सांगताना माझे पाय समोरच्या स्टुलावर होते, यावरून माझ्या आत्मविश्वासाची कल्पना यावी. काम ते काय, तर तिच्या थोरल्या भावाला फुप्फुसांच्या तपासणीला न्यायचं. एक माणूस, एक बस, एक यंत्र. मी वजनमाप खात्यात तीस वर्षं निरीक्षक आहे. तराजूच्या पारड्याखाली चुंबक चिकटवणारे दुकानदार मी असे गप्पांत गुंतवले आहेत की त्यांनी स्वतःच्या हातानं पारडं उलटं करून दाखवलं आहे. तिथे सहासष्ट वर्षांचा एक फोटो-फ्रेमवाला म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता.

सुरुवात एका पत्रकापासून झाली. बायको शाळेत ग्रंथपाल आहे. इस्पितळाच्या लोकांनी शाळेत पत्रकं वाटली. बाकीच्या शिक्षकांनी ती पुस्तकात खूण म्हणून घातली, हिनं मात्र खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढलं. वय पन्नास ते ऐंशी, सिगारेट बरीच वर्षं ओढलेली, सध्या काहीही त्रास नाही, अशांच्या फुप्फुसांची यंत्रानं तपासणी, मोफत. कॅन्सर असलाच तर लवकर सापडावा म्हणून. तिनं ‘बरीच वर्षं’ खाली रेघ मारून ते माझ्यासमोर ठेवलं.

"दादाला न्यायचंय," ती म्हणाली. "माझं तो ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"माझं का ऐकेल?"

"रोज संध्याकाळी तासभर त्याच्या दुकानात बसता. काहीतरी वजन असेलच ना तुमचं."

माझ्यासारख्या माणसासमोर वजनाचा विषय काढल्यावर मागे हटणं शक्यच नव्हतं. शिवाय ती पुढे जे बोलली त्यात थट्टा नव्हती. तिचे वडील, आबा, फुप्फुसांनीच गेले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि दादा एकोणीसचे. त्या वर्षी वडिलांचं फ्रेमचं दुकान आणि वडिलांचं सिगारेटचं पाकीट दोन्ही दादांकडे आलं, आणि त्यांनी दोन्ही आजवर चालू ठेवलं होतं. हिचं शिक्षण त्यांनी केलं, हिचं लग्न त्यांनी लावून दिलं. "मला बाप म्हणून तोच आठवतो," ती म्हणाली. "तो गेला तर मी काय करू, ते मला माहीत नाही." मी पाय स्टुलावरून खाली घेतले.

आता यात माझी चूक एकच झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पत्रक हातात होतं. ते खिशात घालायला हवं होतं. आमच्या इमारतीच्या जिन्यात हातात कागद घेऊन उतरणं म्हणजे सभा बोलावण्यासारखं आहे. दुसऱ्या मजल्यावर बँकेतले काका भेटले. ते निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण त्यांच्या चेहऱ्यावर अजून ‘उद्या या’ असा भाव असतो. त्यांनी पत्रक हातभर लांब धरून वाचलं.

"नका जाऊ," ते म्हणाले. "माझ्या साडूंना काही म्हणता काही नव्हतं. हौसेनं तपासून घेतलं आणि निघालं."

"मग?"

"मग काय, उपचार, धावपळ. न तपासता किती छान चाललं होतं."

"आता कसे आहेत?"

"आता बरे आहेत," काका नाइलाजानं म्हणाले. "पण ती मजा नाही राहिली."

एवढ्यात श्वासाचे वर्ग घेणारे गृहस्थ वरून आले. हे गृहस्थ जिना चढतात नाकानं आणि उतरतात तोंडानं. त्यांच्या मते यंत्रबिंत्र सगळं व्यर्थ. साठ सेकंद श्वास रोखता आला की फुप्फुसं ठणठणीत, विषय संपला. "करा बघू," ते मला म्हणाले. वास्तविक तपासणी माझी नव्हती. माझ्या फुप्फुसांविषयी मला शंकाही नव्हती. मी सिगारेट सोडून सात वर्षं झाली होती, आणि सोडली की पाटी कोरी होते अशी माझी ठाम समजूत होती. शिवाय मी रोज चार मजले चढतो. पण दोन माणसं आपल्या छातीकडे बघत असताना नाही म्हणणं जमत नाही. मी श्वास रोखला. पस्तीस सेकंदांना कानात शिट्टी वाजू लागली आणि अडतीसला मी कठडा धरून पायरीवर बसलो. "सराव नाही म्हणून," मी म्हणालो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला आवडलं नाही.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आणखी वेगळं सांगितलं. त्यांच्या मते रोग नसतोच, यंत्राचे किरण आत जातात आणि तेच तो लावतात. "किरण म्हणजे काय साधी गोष्ट आहे का?" असं म्हणून त्यांनी मोबाइल गळ्यातल्या पिशवीत, बरोबर छातीवर सोडला. इमारतीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत मला तीन मतं मिळाली होती आणि बस गेली होती.

संध्याकाळी मी दादांच्या दुकानात गेलो. ते नेहमीप्रमाणे मागच्या टेबलाशी उभे होते. तोंडाच्या एका कोपऱ्यात बारीक खिळे आणि दुसऱ्या कोपऱ्यात सिगारेट. या दोन्हींमधून ते स्वच्छ बोलतात.

"दादा, तुम्हाला काही त्रास आहे का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही."

"उत्तम. मग चला. ज्यांना त्रास नाही त्यांच्यासाठीच तपासणी आहे."

दादांनी खिळे तळहातावर काढले. "म्हणजे त्रास असता तर नेलं नसतं?"

"तेव्हा दुसरीकडे नेलं असतं."

"आणि काही होत नाहीये म्हणून इथे नेताय."

"हो."

"साहेब, तुमच्या खात्यात असंच चालतं का?"

आमच्या खात्यात अगदी असंच चालतं, आणि मी ते अभिमानानं सांगितलं. जो काटा बरोबर दिसतो तोच आम्ही आधी तपासतो. "आणि तपासल्यावर?" दादांनी विचारलं. "तपासल्यावर काही ना काही निघतंच," मी म्हणालो. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग कळलं की मी स्वतःच्या हातानं पारडं उलटं करून दाखवलं होतं.

दादा हसले नाहीत. त्यांनी फडकं घेतलं आणि एक काच पुसू लागले. "आबा स्वतःच्या पायांनी चालत गेले होते," ते म्हणाले. "आदल्या दिवशी त्यांनी पाच फ्रेमा बसवल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, डाग निघाला आणि अकरा आठवड्यांत माणूस संपला. फोटो काढेपर्यंत धडधाकट होते. मी बघितलंय." काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ते पुसत होते.

मग त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत जरा चमक दिसली. "बरं, येतो मी," ते म्हणाले. "पण तुम्हीही करून घ्यायची. खऱ्या आकड्यानिशी. माझ्या बहिणीच्या देखत."

ही अट मला परवडणारी नव्हती. का, ते आता सांगणं भाग आहे.

माझ्या लग्नाच्या वर्षीच माझी सिगारेट सुरू झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, दिवसाला दोन. एक दुपारी जेवल्यावर, एक रात्री. त्या वेळी ते जवळजवळ खरं होतं. पुढे काही महिन्यांतच आकडा विसावर गेला, पण घरातला अधिकृत आकडा दोनच राहिला, कारण तो बदलायला योग्य दिवस कधी उगवलाच नाही. उरलेल्या अठरांपैकी काही मी दौऱ्यावर ओढायचो आणि बहुतेक दादांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. घरी गेल्यावर कपड्यांना वास यायचा, तेव्हा मी म्हणायचो, "दादांकडे बसलो होतो ना." मग ही दुसऱ्या दिवशी जाऊन दादांना झापायची, तुझ्या धुरानं ह्यांच्या फुप्फुसांचं वाटोळं होईल म्हणून. सव्वीस वर्षं, मी सिगारेट सोडेपर्यंत, तो माणूस मूग गिळून ते ऐकत आला. एकदाही माझं नाव घेतलं नाही.

आणि आता तेच गुपित त्यांनी आडवं घातलं होतं. मी बायकोसमोर खरा आकडा सांगणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती, म्हणून ते निर्धास्त होते. मी खोटं टिकवायचं आणि त्या खोट्याच्या आडोशानं त्यांनी सुटायचं, असा सरळ मामला होता. मी घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "जवळजवळ तयार आहेत."

पण मी निरीक्षक आहे. पळवाट शोधणाऱ्यांना पकडतापकडता मलाही दोन-चार पळवाटा माहीत झाल्या आहेत. मी ठरवलं, आधी एकट्यानं जाऊन खऱ्या आकड्यानिशी नाव नोंदवायचं, पावती दादांच्या हातात ठेवायची आणि ‘बहिणीच्या देखत’ हे कलम सामोपचारानं मिटवायचं. दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी इस्पितळात गेलो.

नोंदणीच्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुमची पाकीट-वर्षं किती?"

मी चकित झालो. किलो, लिटर, मीटर यांच्यात माझी हयात गेली, आणि एक अख्खं माप अस्तित्वात असून मला माहीत नव्हतं. बाईंनी समजावलं: रोज किती पाकिटं गुणिले किती वर्षं. वीसचं एक पाकीट धरायचं. मला ते फार आवडलं. साधं, तपासता येण्याजोगं माप आहे. मी म्हणालो, "रोज एक, सव्वीस वर्षं. म्हणजे सव्वीस."

बाईंनी पडद्यावर पाहिलं. "तुमच्या इथल्या जुन्या केसपेपरवर डॉक्टरांनी रोज दोन सिगारेटी लिहिल्यात. म्हणजे पाकिटाचा एक दशांश. दोन पूर्णांक सहा. आम्हाला किमान वीस लागतात. तुम्ही बसत नाही."

मी आयुष्यात कुठल्याही परीक्षेत इतक्या वाईट रीतीनं नापास झालेलो नाही. "डॉक्टरांना चुकीची माहिती मिळाली आहे," मी म्हणालो.

"कोणी दिली?"

"बायकोनं."

"त्यांना कोणी दिली?"

या बाई आमच्या खात्यात असत्या तर मी त्यांना हाताखाली घेतलं असतं. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. काही लोक मोफत आहे म्हणून ओढलेल्या नसतानाही आकडा फुगवून सांगतात, त्यामुळे कागदात तफावत असेल तर सोबत राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीची सही लागते, असं त्या म्हणाल्या. फॉर्मवर ठळक अक्षरांत छापलं होतं: वर नमूद केलेली सिगारेटची संख्या माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. खाली नातं आणि सही. "शेजाऱ्यांची चालेल का?" मी विचारलं. "शेजारी सोबत राहतात का?" त्यांनी विचारलं. मागे रांग होती आणि रांगेतल्या सगळ्यांना आता माझा आकडा माहीत होता. ज्या एका व्यक्तीला माहीत नव्हता तिचीच सही हवी होती.

मी तो फॉर्म दोन कागदांच्या मध्ये घातला. वर इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं संमतिपत्र, खाली विजेच्या मीटरचा अर्ज. संध्याकाळी बायको चहा घेत असताना मी पेन उघडून दिलं आणि शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात म्हणालो, "इथे, इथे आणि इथे." वास्तविक जी बाई छापखान्याचं नाव वाचते तिच्या बाबतीत ही युक्ती करणं हा शुद्ध गाढवपणा होता. टाकीचं संमतिपत्र तिनं मागूनपुढून वाचलं आणि सही केली. मग दुसऱ्या कागदावर थांबली.

"वीस कसले?"

"छपाईची चूक," मी म्हणालो.

"हे तुमच्या अक्षरात आहे."

मग मी म्हणालो की ही सही नसेल तर दादा तपासणीला येणार नाहीत, सगळं दादांसाठी चाललंय. ती नुसती बघत राहिली. तिच्या त्या बघण्यापुढे मी आजवर कधी टिकलेलो नाही. मी सगळं सांगितलं. दोन, वीस, दौरे, मागची खोली.

"म्हणजे दादाच्या दुकानातला तो धूर..."

"माझा."

"सगळा?"

"निम्मा. दादांचाही होता," मी म्हणालो. अशा वेळीही मोजमाप चुकू नये एवढीच इच्छा होती.

ती चिडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती चिडली नाही. "तुम्ही खोकलात की मी मनाशी म्हणायचे, दोनच तर ओढतात," ती म्हणाली. "आबांसारखं नाही होणार. त्या दोनाच्या भरवशावर मी इतकी वर्षं निश्चिंत होते हो." मग जरा वेळानं म्हणाली, "एखाद्या दुकानदारानं विसाच्या वजनावर दोन लिहून ठेवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"पहिला गुन्हा असेल तर ताकीद."

"सव्वीस वर्षं चाललेला गुन्हा पहिला कसा?"

याला नियम नाही. तिनं पेन घेतलं, नात्याच्या जागी ‘पत्नी’ लिहिलं आणि सही केली. इतक्या जोरात की ती खालच्या विजेच्या अर्जावरही उमटली. मला लाज वाटली. एरवी मी हा शब्द वापरत नाही, पण दुसरा कुठला लागू पडत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट दादांच्या दुकानात गेली. मी तिच्या मागे पाच पावलं अंतर ठेवून गेलो. दादा चौकट जोडत होते. तिला पाहून त्यांनी सवयीनं सिगारेट विझवली.

"दादा, ह्यांच्या धुरासाठी मी तुला सव्वीस वर्षं बोलले," ती म्हणाली. "तू एकदाही सांगितलं नाहीस."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. "साहेब, तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"तुझं घर शांत राहावं म्हणून बोललो नाही," दादा तिला म्हणाले.

"आता नाहीये शांत. ह्यांनी खरा आकडा लिहिलाय, मी सही केलीय. तुझी अट पूर्ण झाली. मंगळवारी दोघांनी जायचं."

दादा खिळ्यांच्या डबीत बोटं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आबा फोटो काढेपर्यंत बरे होते गं."

"नव्हते," ती म्हणाली. "वर्षभर खोकत होते. तू दुकानाच्या माळ्यावर झोपायचास, तुला ऐकू यायचं नाही. मी त्यांच्या शेजारी झोपायचे. ते उशीत तोंड घालून खोकायचे, आपल्याला कळू नये म्हणून. मी नऊ वर्षांची होते, मला वाटायचं सगळे वडील असेच झोपतात." तिनं खिळ्यांची डबी बाजूला सरकवली. "त्यांना फोटोनं नाही नेलं, दादा. त्यांना आपण उशिरा नेलं."

दुकानात भिंतीभर लोकांचे फोटो होते, फ्रेम करून घेऊन परत न नेलेले. दादा त्यांच्याकडे बघत उभे राहिले. सत्तेचाळीस वर्षं एक गोष्ट धरून बसलेल्या माणसाच्या हातातून ती काढून घेतल्यावर तो कसा दिसतो, ते मी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "मंगळवारी किती वाजता?"

मंगळवारबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, पण माझ्या प्रतिष्ठेच्या दृष्टीनं तेही जास्त आहे. आम्हाला मागून बंद बांधायचे झगे देण्यात आले. मागून बंद बांधायचा झगा एकट्या माणसाला बांधता येत नाही, हे झगा शिवणाऱ्याला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. त्यामुळे मी दादांचा बांधला आणि दादांनी माझा. त्यांनी फ्रेमच्या तारेला मारतात तशी गाठ मारली, जी नंतर कात्रीनं सोडवावी लागली. नोंदणीच्या बाईंनी दादांची पाकीट-वर्षं काढली तेव्हा सत्तेचाळीस भरली. "सत्तेचाळीस," दादा बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि ह्यांची जेमतेम सव्वीस." एका बाकावर बसून कुणी मला असं कमी लेखेल असं वाटलं नव्हतं, आणि तेही या विषयात.

यंत्रात झोपल्यावर आवाज आला, श्वास घ्या आणि धरा. मी अडतीस सेकंदांच्या तयारीनं गेलो होतो. दहा सेकंदांत सोडा म्हणाले. मी खबरदारी म्हणून आणखी थोडा धरला, तेव्हा आतली मुलगी माइकवरून म्हणाली, "काका, सोडा हो, झालं." दादा बाहेर आले आणि म्हणाले, "एवढंच? यापेक्षा काच कापायला वेळ लागतो." आम्ही तिघांनी इस्पितळाच्या उपाहारगृहात चहा घेतला. बायको आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. साखर द्या, म्हणाली.

निकाल दहा दिवसांनी आला. माझ्या फुप्फुसांत चिंतेचं काही नव्हतं, पुढच्या वर्षी पुन्हा या. दादांच्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला अकरा मिलिमीटरचा डाग होता.

अकरा मिलिमीटर म्हणजे किती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी बोटांत अंतर धरून बघितलं. मीच नेलं होतं. इतके दिवस मी छातीठोकपणे सगळ्यांना उत्तरं दिली होती, पण त्या क्षणी बँकेतल्या काकांचे साडू, शिवणवाल्या बाईंचे किरण, सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बायकोनं फोन ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, बरं झालं आत्ता सापडला." ती रडत होती, पण आवाज ठाम होता. मग मीही ठाम झालो. दोघांपैकी एकानं तरी व्हायला हवं होतं आणि ती आधीच झाली होती.

सुई घालून तुकडा काढला आणि तपासला. तो कॅन्सरच निघाला. शस्त्रक्रिया झाली, फुप्फुसाचा एक भाग काढून टाकला. डाग इतका लहान होता की पुढे औषधं लागली नाहीत, फक्त ठरावीक महिन्यांनी येऊन दाखवायचं. सहा आठवड्यांनी दादा दुकानात उभे होते. सिगारेट सुटली होती. आता तोंडात नुसते खिळे असतात आणि त्यामुळे ते आधीपेक्षा कमी स्वच्छ बोलतात.

आता कुणालाही वाटेल की या प्रकरणात माझं थोडंफार कौतुक झालं असेल. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दादा सदरा वर करून व्रण दाखवतात आणि माझ्याकडे बोट करून सांगतात, "मी ठणठणीत होतो. ह्यांनी नेलं." आमच्या इमारतीतही बातमी पोचली. बँकेतले काका जिन्यात थांबून म्हणाले, "मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं." मी एकदा दादांना शांतपणे समजावलं, की डाग आधीपासून होता, तो यंत्रानं तयार केला नाही, फक्त दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "ते मला कळतं," ते म्हणाले. "पण तुम्ही नेलं नसतंत तर निघाला नसता, हेही खरं ना?" हे खरंच होतं.

दर तपासणीलाही मलाच जावं लागतं. "तुम्हीच मागे लावून दिलंत, तुम्हीच चला," असा त्यांचा हुकूम आहे. बायको म्हणते, जा. त्यामुळे मी रजा टाकून जातो.

परवा अशाच एका तपासणीला आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी गणवेशातला एक बसचालक होता, पन्नाशी उलटलेला, पहिल्यांदाच आलेला. हातातल्या फॉर्मची त्यानं पार सुरळी केली होती. त्यानं दादांना विचारलं, "तुमचं काय झालंय?"

मी मनात म्हटलं, झालं. दादांनी सगळं सांगितलं. ठणठणीत होतो, ह्या माणसानं आणलं, झोपवलं, डाग निघाला, कापलं. व्रणही दाखवला. चालकानं सुरळी खिशात घातली, टोपी उचलली आणि उठला. मी भराभर शब्द जुळवू लागलो, पण तीस वर्षांच्या नोकरीतला एकही कामाचा आठवेना.

दादांनी त्याची बाही धरली. "कुठे निघालात?"

"अहो, तुम्हीच तर म्हणालात की..."

"मी काय म्हणतो ते सोडा," दादा म्हणाले. "मी बसलोय ना इथे? बसा."

तो बसला. त्याचं नाव पुकारेपर्यंत दादांनी त्याची बाही सोडली नाही.